माती माती, घरी जा

गेल्या महिन्यात मावसभावाच्या नातीचा चौथा वाढदिवस होता, सिंहगड रोडला त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. आधी पाटावर बसवून औक्षण झालं, सुपारी-अंगठी ओवाळून झाली, मग दिवे मालवले आणि केक आला. चाळीसेक माणसांनी टाळ्यांच्या ठेक्यावर ‘हॅपी बर्थडे टू यू’ म्हटलं. तिसऱ्या ओळीला, जिथे नाव येतं, तिथे वर चढताना सगळ्यांचे आवाज जरासे फाटले आणि शेवटच्या ओळीला पुन्हा जागेवर आले. नंतर कागदी प्लेटा फिरल्या. समोसा, वेफर्स, केकचा तुकडा. पोरांनी शांत बसावं म्हणून कुणीतरी भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर बडबडगीतं लावली. माझी आई माझ्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर रुमाल पसरून. एका गाण्याचा पहिला ठेका वाजला आणि तिचा समोशाकडे जाणारा हात तसाच थांबला.

टीव्हीवर निळ्या टाइल्सच्या बेसिनपाशी एक कार्टून मुलगी हात धूत होती. हिरवे, दात विचकणारे जंतू तिच्या बोटांवर नाचत होते.

जंतू जंतू, हातावरचे,
कुठून आले? बाहेरचे.
जा रे जंतू, दूर जा,
साबण लावला, मरून जा.

दुसऱ्या ओळीत प्रश्न विचारल्यावर एक टाळी आणि एक मोकळी मात्रा. त्या मोकळ्या मात्रेवर मी ओळखलं. आईने तर त्याच्या आधीच ओळखलं होतं. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. समोरची सात-आठ पोरं तोंडपाठ म्हणत होती, त्या मोकळ्या मात्रेवर बिनचूक टाळी वाजवत होती. गाणं संपलं, दुसरं लागलं. आईने समोसा खाल्ला, प्लेट घडी करून खुर्चीखाली ठेवली आणि परतताना रिक्षात पुलाच्या अलीकडे एवढंच म्हणाली, “मारायचं कशाला गं तिला?”

घरी आल्यावर मी फोनवर ते गाणं शोधलं. किती जणांनी बघितलं त्याचा आकडा नीट वाचायला मला शून्यं मोजावी लागली. खाली संगीत संयोजन कुणाचं, गायलं कुणी, चित्रं कुणाची हे सगळं होतं. गीताच्या पुढे लिहिलं होतं, ‘पारंपरिक’.

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. वाळवा तालुक्यातल्या एका गावात तिने एकोणतीस वर्षं बालवाडी चालवली. गावात तिला नावाने कुणी हाक मारली नाही, ती सगळ्यांची ‘बाई’. पहिली सहा वर्षं बालवाडी मारुतीच्या देवळाच्या ओवरीत भरायची. एक लोखंडी पेटी, तिच्यात चिंचोके, रंगीत मणी, लाकडी ठोकळे, एक घंटा, आणि एका डब्यात साबणाचे तुकडे. लाल साबणाची वडी ती शिवणाच्या दोऱ्याने कापायची. दोरा वडीभोवती गुंडाळून दोन्ही टोकं ओढली की वडीचे सरळ काप पडत आणि बोटांना दिवसभर तो उग्र, औषधी वास राहायचा. मला आजही त्या वासाबरोबर ओवरीतली गार फरशी आठवते. हात धुण्याची जागा बाहेर केळीच्या आळ्यात होती. रांजणातून तांब्या भरायचा, रांगेने हातांवर पाणी सोडायचं, सगळं पाणी केळीला.

गाणं कशावरून झालं ते मला माहीत आहे, कारण मी तेव्हा त्या रांगेत होते. बेंदराचे दिवस होते. कृष्णाकाठची काळी चिकण माती आणून पोरं मातीचे बैल करत होती. एका पोराने आयुष्यातली पहिली बैलजोडी केली, एकाला शिंगं आली, दुसऱ्याला आली नाहीत, पण जोडी उभी राहिली. खिचडीच्या वेळेला तो हात धुवायला तयार होईना. मुठी आवळून रडायला लागला, “माझी माती हाय, जाईल ती.” आईने त्याला दरडावलं नाही. त्याची मूठ आपल्या हातात धरली आणि तिथल्या तिथे म्हणाली, अरे, हिचंपण घर असेल की, तिची आई वाट बघत असेल. संध्याकाळी स्टोव्हवर भात ठेवून तिने त्याच्या चार ओळी केल्या आणि पहिल्यांदा माझ्यावर चालवून बघितल्या.

माती माती, हातावरची,
कुणा घरची? शेताघरची.
जा गं माती, घरी जा,
आई बघते वाट, लवकर जा.

आधी तिसऱ्या ओळीत ‘परत जा’ होतं. मी पाच वर्षांची होते आणि माझ्या तोंडी ते ‘पलत जा’ व्हायचं, बालवाडीतली तीन वर्षांची पोरं तर ‘पलज्जा’ म्हणायची. दुसऱ्या दिवशी तिने ते बदलून ‘घरी जा’ केलं. पहिल्यांदा चाल थोडी वर होती, पोरांचा आवाज पोचेना, ती खाली आणली. टाळी तिसऱ्या दिवशी आली, कारण प्रश्न आणि उत्तर पोरं एकातच घाईने म्हणून टाकत होती आणि आईला मधे थांबा हवा होता. आठवड्याभरात तो पोरगा रांगेत सगळ्यांत पुढे उभा राहून मातीला घरी पाठवायला लागला.

या सगळ्या आठवणी त्या रात्री वर आल्या, आणि त्यांच्यासोबत केकभोवतीचं ते दुसरं गाणंही डोक्यातून जाईना. कारण त्या गाण्याचीही आई बालवाडीचीच होती.

अमेरिकेत केंटकी राज्यात लुइव्हिल नावाचं गाव आहे. तिथे पॅटी हिल ही एका बालशाळेची मुख्याध्यापिका होती आणि तिची थोरली बहीण मिल्ड्रेड पियानो वाजवायची, चाली बांधायची. सकाळी मुलं वर्गात आली की म्हणायला दोघींनी एक गाणं केलं, ‘गुड मॉर्निंग टू ऑल’. १८९३ साली ते त्यांच्या बालगीतांच्या पुस्तकात छापून आलं. पुढे एका दाव्यात पॅटीला साक्ष द्यावी लागली तेव्हा तिने गाणी कशी झाली ते सांगितलं होतं. मिल्ड्रेडने चाल बांधायची, पॅटीने सकाळी ती मुलांवर चालवून बघायची, मुलांच्या आवाजाला झेपली नाही की रात्री घरी येऊन दोघींनी बदलायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गात न्यायची, लहानात लहान मुलालाही सहज म्हणता येईपर्यंत. हे वाचताना मी फोन बाजूला ठेवून आईच्या खोलीत जाऊन आले. ती झोपली होती. मला नुसतं बघायचं होतं.

गाणं पेटीवर वाजवून बघा. दोन ओळी मंद्र पंचमाच्या आसपास घोटाळतात, सा आणि रे पर्यंत जाऊन परत येतात. तिसऱ्या ओळीत, म्हणजे ज्या ओळीच्या शेवटी मुलाचं नाव येतं तिथे, एकदम खालच्या पंचमावरून वरच्या पंचमावर उडी आहे. आपण सगळे ज्या जागी फाटतो ती जागा हीच. पण नावाच्या ओळीला मूल ओरडणारच हे रोज मुलांत बसणाऱ्या बाईंना ठाऊक होतं असं मला वाटतं, आणि म्हणून उडी त्या ओळीत आहे. मूळच्या ‘गुड’ला एक स्वर होता, ‘हॅपी’ला दोन अक्षरं, म्हणून त्या स्वराचे दोन तुकडे झाले. बाकी चाल तीच. ते वाढदिवसाचे शब्द त्या चालीवर पहिल्यांदा कुणी घातले याचा पक्का कागद कुठे नाही. पॅटी म्हणायची, आमच्या शाळेत आम्हीच वाढदिवसाला असं म्हणत होतो. मला ते खरं वाटतं. वर्गात एखाद्या पोराचा वाढदिवस आहे आणि सकाळचं गाणं सगळ्यांना पाठ आहे, तर दुसरं काय होणार?

मिल्ड्रेड १९१६ मध्ये वारली. तोवर त्या शब्दांना किंमत आहे हे कुणाच्या गावी नव्हतं. नंतर गाणं नाटकात गेलं, सिनेमात गेलं, तारेने शुभेच्छा गाऊन पाठवायची टूम निघाली त्यात गेलं. १९३३ च्या एका ब्रॉडवे नाटकात ते न विचारता घेतलं, तेव्हा तिसरी बहीण जेसिका कोर्टात गेली. १९३५ मध्ये प्रकाशकाने हक्क नोंदवले. मग कंपनी कंपनीला विकली गेली. १९८८ मध्ये वॉर्नर-चॅपेलने, बातम्यांत आलं त्याप्रमाणे, सुमारे अडीच कोटी डॉलर मोजून ज्या कंपनीला घेतलं, तिच्या कपाटात हे गाणं होतं. तेव्हापासून वर्षाला सुमारे वीस लाख डॉलर या चार ओळी मिळवत होत्या, असा अंदाज वारंवार छापून आला आहे. घरात म्हणायला पैसे नव्हते. पण सिनेमात, टीव्हीवर, जाहिरातीत कुणी केक कापताना म्हटलं की पैसे. अमेरिकेतली हॉटेलं आपल्या वेटरांना दुसरंच काहीतरी टाळ्यांचं गाणं शिकवायची ती यामुळेच. बीबीसीने २०१२ मध्ये जगातल्या सगळ्यांत जास्त कमावणाऱ्या गाण्यांवर एक कार्यक्रम केला होता. मोठमोठे संगीतकार, नाताळची गाणी, बीटल्स, सगळे त्या यादीत होते. पहिला नंबर लुइव्हिलच्या बालशाळेचा होता.

माझ्या आईचं पहिलं मानधन महिन्याला दीडशे रुपये होतं, तेही तीन-तीन महिन्यांनी यायचं.

पॅटी आणि मिल्ड्रेड दोघींनी लग्न केलं नाही. घराण्याकडे काही वाटा येत राहिला आणि शेवटी तो बालशिक्षणाचं काम करणाऱ्या एका संघटनेला जायला लागला. हे वाचून मला बरं वाटलं. पॅटी पुढे कोलंबिया विद्यापीठात गेली, मुलांनी आत शिरून घर बांधावं असे मोठे लाकडी ठोकळे तिने तयार केले, आयुष्यभर ती लहान मुलांच्या शिक्षणाचंच बोलत राहिली. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर अनुताई वाघांबरोबर कोसबाडला जे केलं, त्याच जातीचं काम. आईच्या प्रशिक्षणाच्या शिबिरात भिंतीवर ताराबाईंचा फोटो होता. कोसबाडच्या टेकडीवर शिंपल्यांनी, बियांनी, पानांनी शिकवतात हे ऐकून ती इतकी हरखली होती की घरी येऊन आठवडाभर आम्ही चिंचोकेच मोजत होतो. त्याच शिबिरात तिने मातीचं गाणं पहिल्यांदा गावाबाहेर म्हटलं. साठ-सत्तर बायका होत्या, शेजारच्या चार तालुक्यांतल्या. सगळ्यांनी वह्यांत उतरून घेतलं. एकीने विचारलं, बाई, कुणाचं म्हणून लिहू? आई म्हणाली होती, “हात धुवायचं म्हणून लिही की.”

ही गोष्ट ती आजवर अभिमानाने सांगत आली आहे. त्या रात्री मला पहिल्यांदा तिचा राग आला.

राग पैशांचा होता का, हे मी प्रामाणिकपणे स्वतःला विचारलं. थोडा होता. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षं पुढे ढकललं आहे आणि त्या आकड्यातली शून्यं मला दिसत होती. पण ‘पारंपरिक’ हा शब्द जास्त लागला. पारंपरिक म्हणजे जिचा करणारा काळाच्या पोटात गेला. इथे करणारी शेजारच्या खोलीत होती, तिला मोतीबिंदूचे थेंब घालायची वेळ झाली होती. आणि सगळ्यांत जास्त लागलं ते ‘मरून जा’. कारण ते पोर मूठ आवळून रडलं होतं ते मातीसाठी, आणि आईने अख्खं गाणं केलं ते त्या मातीला काही होऊ नये म्हणून.

सॉलोमन लिंडाची गोष्ट मी त्याच आठवड्यात पुन्हा वाचली. दक्षिण आफ्रिकेतला झुलू गायक. १९३९ मध्ये जोहान्सबर्गच्या स्टुडिओत त्याने आणि त्याच्या साथीदारांनी ‘म्बुबे’, म्हणजे सिंह, हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. तिसऱ्यांदा म्हणताना शेवटाकडे त्याने आयत्या वेळी वरच्या सुरात एक लकेर घेतली, आणि तीच लकेर पुढे जगभर गेली. हक्कांचे त्याला दहा शिलिंग मिळाले. रेकॉर्ड अमेरिकेत पोचली, तिथल्या गायकाने ‘उयिम्बुबे’ ऐकलं ते ‘विमोवे’ असं, आणि तसंच गायलं. १९६१ मध्ये त्यावर इंग्रजी शब्द बसले, सिंह आज रात्री झोपलाय असे, आणि ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्याच वर्षी लिंडा वारला. त्याच्या कबरीवर दगड बसवायला घरच्यांना अठरा वर्षं लागली. सोवेटोतल्या त्याच्या घराची जमीन शेणाने सारवलेली होती असं वाचलं आणि मला आमच्या गावचं माजघर डोळ्यांपुढे आलं. १९९४ नंतर ते गाणं सिंहाच्या त्या कार्टून सिनेमातून आपल्याकडच्या घराघरांत पोचलं, माझा भाचा ते म्हणत नाचायचा. २००० साली एका पत्रकाराने सगळा हिशेब मांडला. मग वकील सरसावले, १९११ च्या ब्रिटिश साम्राज्याच्या जुन्या कायद्यातलं एक कलम त्यांनी शोधून काढलं, की लेखक गेल्यावर पंचवीस वर्षांनी हक्क वारसांकडे परत येतात, आणि २००६ मध्ये तडजोड होऊन लिंडाच्या मुलींना पैसे आणि बापाचं नाव मिळालं. एक मुलगी त्याआधीच एड्सने गेली होती.

आपल्याकडेही हे भांडण जुनं आहे. लताबाईंनी साठच्या दशकात गायकांनाही रॉयल्टी हवी म्हणून धरून ठेवलं, रफीसाहेबांना वाटायचं गायचे पैसे घेतले की व्यवहार संपला, आणि त्यापायी काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. लताबाई तेव्हा हट्टी ठरल्या. मला त्या बरोबर वाटतात, आज तर फारच. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कुणी लिहून घेतला तरी हिरावून घेता येणार नाही, हे आपल्या कायद्यात यायला २०१२ उजाडलं, आणि त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तरांना तळमळून बोलावं लागलं. त्याच कायद्यात सत्तावन्नावं कलम आहे. हक्क विकले असले तरी ही कृती माझी आहे असं म्हणण्याचा अधिकार करणाऱ्याकडे राहतो, आणि तिची मोडतोड करून कुणी नाव घालवलं तर त्याला आडवं येण्याचाही. मी ते कलम तीनदा वाचलं. ‘मारायचं कशाला गं तिला?’ हे वाक्य कायद्यात कुठे बसत असेल तर तिथे बसतं.

वकिली करणाऱ्या मैत्रिणीला विचारलं. तिने पहिला प्रश्न विचारला, “कागद आहे का?”

‘हॅपी बर्थडे’चा निकालही कागदांवरच लागला होता. जेनिफर नेल्सन नावाची एक बाई त्या गाण्यावर माहितीपट करत होती, तिच्याकडून गाणं वापरायचे पंधराशे डॉलर घेतले गेले. २०१३ मध्ये ती कोर्टात गेली. कंपनीने दाखल केलेल्या कागदांत एका जुन्या गाण्याच्या पुस्तकाचं पान होतं आणि त्यावर गाण्याखालची एक ओळ नेमकी पुसट होती. नेल्सनच्या वकिलांनी तेच पुस्तक जुन्या आवृत्त्यांत शोधलं आणि १९२२ ची प्रत मिळाली. प्रकाशकाच्या परवानगीने छापलं आहे असं तिथे स्पष्ट होतं, आणि हक्क राखीव असल्याची खूण कुठेच नव्हती. सप्टेंबर २०१५ मध्ये न्यायाधीश जॉर्ज किंग यांनी म्हटलं की प्रकाशकाला त्या शब्दांचे हक्क बहिणींकडून मिळाल्याचंच सिद्ध होत नाही, नोंद होती ती फक्त पियानोच्या एका मांडणीची. पुढे एक कोटी चाळीस लाख डॉलर परत द्यायचं ठरलं आणि २०१६ पासून ते गाणं सगळ्यांचं झालं. ऐंशी वर्षं वसुली झाली ती न मिळालेल्या हक्कावर. तो निकाल वाचून आनंद व्हावा तसा मला झाला, पण त्यात एक टोचणी राहिली. सगळ्यांचं झालं म्हणजे बहिणींचं परत झालं असं नव्हे. केकभोवती उभ्या त्या चाळीस माणसांत पॅटी आणि मिल्ड्रेड ही नावं किती जणांना माहीत असतील? मला तरी दोन महिन्यांपूर्वी कुठे माहीत होती!

आईची वही मी विचारली. शंभरपानी, निळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक गाण्यावर तारीख असायची आणि ते कोणत्या पोरावरून सुचलं त्याचं नाव. वही नाही. निवृत्त झाली त्या दिवशी पेटीसकट तिने ती नव्या बाईंच्या हवाली केली होती, आणि नंतर ओवरी पाडून सभागृह झालं तेव्हा पेटी कुठे गेली कुणाला ठाऊक नाही. गावात फोन करून बघितला. मदतनीस म्हणून आईबरोबर काम केलेल्या मावशी भेटल्या. “बाईंचं गानं टीव्हीवर लागतंय की! आमची नातवंडं म्हनत्यात,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात नुसता आनंद होता. वहीचं त्यांना काही आठवेना, केळ मात्र आठवत होती. “हातधुन्याच्या पान्यावर काय फनी पडायची बाई!”

मग एका दुपारी, शेंगा सोलताना, मी आईला म्हटलं, ते गाणं तुझं आहे असं आपण त्यांना कळवू. कागद नसेना का, माणसं आहेत. ती बराच वेळ काही बोलली नाही. शेंगा फुटल्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, “शब्द माझे. चाल कुठे माझी आहे?”

मला हे माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत तिने कधी सांगितलं नव्हतं, की मी कधी विचारलं नव्हतं. चाल तिच्या आईच्या दळणाची होती. माझी आजी पहाटे जात्यावर बसायची, आणि आई लहानपणी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. ओवी म्हणताना खुंटा एका हातातून दुसऱ्या हातात जातो त्या वेळी आवाज क्षणभर थांबतो. ती मोकळी मात्रा तिथली. आईने तिच्यात टाळी बसवली, एवढंच. तिने मला म्हणून दाखवलं, शेंगांचं सूप मांडीवरून खाली ठेवून, हात हवेत फिरवत. आजीची ओवी, मग मातीचं गाणं. दुसऱ्यांदा ऐकताना मला जात्याची घरघर त्यात ऐकू यायला लागली. हिल बहिणींच्या चालीसारख्या चाली त्यांच्या आधीच्या गाण्यांतही दिसतात असं अभ्यासक म्हणतात, ते आठवलं. मिल्ड्रेडच्या कानात कुणाचं जातं फिरत असेल?

त्या रात्री मी जात्यावरच्या ओव्यांचा तो मोठा संग्रह उघडला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव माणसं फिरवून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, हजारावर गावांतल्या. प्रत्येक ओवीखाली गाणारीचं नाव आणि गाव आहे, काहींचे फोटो आहेत, डोक्यावर पदर घेतलेले, कॅमेऱ्याकडे सरळ बघणारे. त्यातली कुठली ओवी कुणी पहिल्यांदा रचली ते त्या बायकाही सांगू शकणार नाहीत. तरी खाली नाव आहे. ज्या तोंडातून आली त्या तोंडाचं. ‘पारंपरिक’ एवढं लिहून मोकळं होता आलं असतं, आणि कुणी नावं ठेवली नसती. पण कुणीतरी प्रत्येकीपुढे बसून विचारलं, बाई, तुमचं नाव काय. मी ती पानं उघडत बसले, आमच्या भागातलं कुठलं गाव दिसतंय का बघत. पहाटेचे दोन वाजले होते.

मी त्या वाहिनीला पत्र लिहिलं आहे. आईला विचारून, तिच्या नावाने. पैशांचं त्यात काही नाही, तिने लिहू दिलं नाही. मूळ चार ओळी आहेत, कुठल्या वर्षी, कुठल्या गावात आणि कशावरून झाल्या ते आहे, आणि चाल दळणाची असून ती आजीकडून आली हे आईने आग्रहाने घालायला लावलं, आजीच्या पूर्ण नावासकट. उत्तर अजून आलेलं नाही.

मधल्या काळात ती चार वर्षांची पोरगी आमच्याकडे दोन दिवस राहायला आली होती. बेसिनपाशी स्टुलावर चढून हात धूत होती आणि जंतूंना मारत होती. आई मागे उभी राहून ऐकत होती. तिने नळ बंद केला, पोरीला बाल्कनीत नेलं आणि तुळशीच्या कुंडीतली ओली माती दोघींच्या हातांना लावली. पोरगी आधी शहारली, मग बोटं चिकटवून-सोडवून बघायला लागली. आईने खाली टोपलं ठेवून तांब्याने तिच्या हातांवर पाणी सोडलं आणि बारीक आवाजात म्हटलं, माती माती, हातावरची. गढूळ पाणी टोपल्यात साठलं. “आता ही घरी कशी जाणार?” पोरीने विचारलं. आईने टोपलं उचलून तिच्या हातात दिलं, आणि दोघींनी मिळून ते कुंडीत ओतलं.

परवा तिच्या बापाने फोनवर तिचा आवाज पाठवला. मागे नळ चालू आहे, आणि ती मोठ्याने म्हणतेय,

जंतू जंतू, हातावरचे,
कुणा घरचे? बाहेरचे.
जा रे जंतू, घरी जा,
आई बघते वाट, लवकर जा.

आईने फोन कानाला लावून तीनदा ऐकलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिने फोन माझ्या हातात परत दिला आणि चष्मा पुसला.

“टाळी बरोबर घेतलीय,” ती म्हणाली. “शेवटच्या ओळीला श्वास तुटतोय पण तिचा. दिवाळीत आली की बघते.”